आप्पांची अक्षरं मोकळी कर

उमरगा
२४ जून २०२४

तम्मा नंदीश,

आशीर्वाद पाठवते आहे, घ्यायचे तर घे. तू माझा नंबर अडवून ठेवलास म्हणून हे पत्र. तुझे दाजी हसले, "आता कोण पत्र वाचतं?" मी म्हटलं, माझ्या भावाचं पोट अक्षरांवर चालतं, पाकीट तरी फोडेल. दुकानात गिऱ्हाईक नाही तेवढ्यात टाइप करते आहे. लग्नसराई संपली, आता नुसत्या झेरॉक्स.

परवा कारहुणवी झाली. शिंगं रंगवलेली बैलं आपल्या दारावरून गेली. आप्पा असते तर ओट्यावर बसून आवाजावरून सांगितलं असतं की कुणाची जोडी चालली आहे.

काम असं आहे. इथं शांतलिंग सर म्हणून आहेत. ज्या मुलांना कमी दिसतं त्यांच्यासाठी ते तालुक्यातल्या शाळांमधून फिरतात. त्यांच्या माहितीतली एक मुलगी आहे, सातवीतली. तिला डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आप्पांना होता तोच. कडेकडेनं अंधार सरकत येतो आणि मधे बघायला भोकाएवढी जागा राहते. तिला तू आप्पांसाठी काढलेली अक्षरं पाहिजेत.

तुला काय सांगायचं, पण सांगते. आप्पांना कमी दिसायला लागल्यावर आपण सगळे अक्षर मोठं करत सुटलो होतो. मी तर रोज पेपर मशिनवर टाकून दुप्पट करून द्यायची, आणि आप्पा एकेका अक्षरावर अडकून पेपर बाजूला ठेवायचे. मला वाटायचं हट्टीपणा करतात. तू सुट्टीवर आलास, कागदाची पुंगळी करून एका डोळ्याला लावलीस आणि आठवडाभर तशीच पुस्तकं वाचलीस. घरातले हसत होते. मग तू म्हणालास, "अक्का, बघायचं भोक बारीक हाय. त्यात एवढं दांडगं अक्षर घातलं तर अर्धंच दिसतंय. आख्खा शब्द मावला पायजे." आणि तू अरुंद, काळीभोर अक्षरं काढलीस, काना-मात्रा एकमेकांच्या अंगावर न येणारी. ती आप्पांच्या टॅबमध्ये बसवलीस. दुसऱ्या दिवशी आप्पांनी मोंढ्यातले तुरीचे भाव घरभर ऐकू जातील असे वाचले. मी स्वयंपाकघरात रडले होते.

ती अक्षरं आता दोनच ठिकाणी आहेत, त्या टॅबमध्ये आणि तुझ्या कॉम्प्युटरमध्ये. टॅबची बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावायची भीती वाटते.

शांतलिंग सर आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण मिळून अशा मुलांसाठी वाचायचं ॲप करत आहेत. त्यात ते खुल्या परवान्याचीच अक्षरं घेतात, म्हणजे कुणालाही वापरता येतील, बदलता येतील, पुढे देता येतील अशी. कारण एकाला ठळक लागतं, दुसऱ्याला मोकळं लागतं, आणि तुझ्या अक्षरात गणिताची चिन्हंसुद्धा नाहीत. आप्पांना कशाला लागणार होती?

तर ती खुली कर. मुलगी हुशार आहे आणि थांबायला वेळ नाही.

अक्का

ता. क. आप्पा गेल्यावर शिवगणाराधनेच्या पंगतीत मी तुला "तूही डोळे तपासून घे" म्हटलं, त्यात चुकीचं काय होतं? चारचौघांत म्हटलं हे खरं. म्हणून भरल्या पानावरून उठून जायचं? लहानपणापासून तुझं असंच आहे.


उमरगा
१८ जुलै २०२४

नंदीश,

तुझं उत्तर नाही. गप्प बसायची कला आप्पांकडून उचललीस, त्यांच्या बाकीच्या गुणांपैकी एखादा उचलला असतास तर बरं झालं असतं.

शांतलिंग सरांनी तुझ्या कंपनीच्या नंबरवरून तुला गाठलं हे त्यांनी सांगितलं. तू त्यांना म्हणालास की पूर्वी एकदा एक फॉन्ट खुला सोडला होता, आणि त्याचं काय झालं ते उमरग्याच्या चौकात येऊन बघा.

बघितलंय मी. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. तुझी अक्षरं आडवी ताणून, गुलाबी सावली देऊन, वर सोनेरी किनार लावलेली. ते आमच्या लाइनीतल्याच एकाचं काम. तू गाडी थांबवून त्या फ्लेक्सकडे बघत राहिलास आणि जेवायला घरी आला नाहीस. मला तेव्हा तुझं हसू आलं होतं. आता येत नाही. आपण काढलेली वस्तू कुणी तशी ताणली तर जीव तुटणारच.

पण परवाना मी सरांकडून समजून घेतला आहे. तू म्हणशील, अक्का डीटीपीवाली, तिला काय कळतं? ऐक तरी. नाव तुझ्याकडे राखून ठेवता येतं. कुणी अक्षरात बदल केला तर त्यानं आपलं दुसरं नाव द्यायचं, तुझं लावायचं नाही. नुसता फॉन्ट विकायला मांडता येत नाही. आणि बदललेलंही पुढे खुलंच ठेवावं लागतं, कुणाला दडपून बसता येत नाही. फ्लेक्सवाला ताणणारच, त्याला कुठला परवाना अडवणार? पण त्याच्या भीतीनं त्या पोरीला उपाशी ठेवायचं का?

आप्पा मठात दासोहाला दरवर्षी ज्वारीची पोती पाठवायचे. तिथं कोण जेवलं, कुणी पानात टाकलं, कुणी वर आणखी मीठ मागितलं, याची चौकशी त्यांनी कधी केली? एकदा मीच विचारलं तर म्हणाले, "दिल्यावर आपलं न्हाय ते. आपलं म्हनायचं आसंल तर देऊच न्हाय." तू तेव्हा त्यांच्या मांडीवर होतास.

तुझ्या कंपनीचे फॉन्ट आहेत त्यांना मी हात लावायला सांगत नाही, ती तुझी रोजीरोटी आहे. एवढं एकच. आप्पांचं.

सध्या ती पोरगी संध्याकाळ झाली की ओट्याच्या पायरीवर अडखळते. परवा गुडघा फोडून घेतला. मी हळद लावली तर म्हणते, मम्मी, पायरी कुणी हलवली का गं?

अक्का


उमरगा
११ ऑगस्ट २०२४

नंदीश,

मागच्या पत्रात मी काय लिहून बसले ते पाकीट पेटीत पडल्यावर लक्षात आलं. तुलाही कळलं असेल. तरी तुझा फोन नाही, म्हणजे एकतर तू वाचलं नाहीस किंवा तुझं काळीज दगडाचं झालं आहे. दुसरं मला खरं वाटत नाही.

ती मुलगी आपली आरोही आहे.

कुणाला सांगितलं नाही. सासरी नाही, शेजारी नाही. मुलीची जात, उद्या लोक काय काय बोलतील. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार घरातल्या एखाद्याला शिवत नाही आणि त्याच्या पोरांत उतरतो. माझे डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. माझ्यातून जाऊन तो माझ्या पोरीत उतरला. मला कळलंसुद्धा नाही.

कसं कळलं ते ऐक. मराठीच्या पुस्तकातला धडा ती मला वाचून दाखवत होती, घडाघडा, कुठंही न थांबता. मला अभिमान वाटला. भाकरीचं पीठ हाताला होतं तशीच मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. पुस्तकात कवितेचं पान उघडं होतं.

ती धडे पाठ करत होती. वर्गात दुसरी मुलं वाचतात ते ऐकून ऐकून पाठ करायची, आणि आपली पाळी आली की पुस्तक समोर धरून म्हणून दाखवायची. किती दिवस चाललं होतं तिलाच ठाऊक. मी विचारलं तर म्हणाली, "दिसतंय मला. पण एकेक अक्षर गोळा करस्तवर पुढचं इसरतंय." मग मी काय केलं असेल? तेच, जे आप्पांच्या वेळी केलं. सगळी पुस्तकं मशिनवर टाकून मोठी करून आणली. दोन दिवसांनी ती रडत म्हणाली, मम्मी, हे तर आणखी वाईट आहे. तेव्हा मला तुझी पुंगळी आठवली. मग आप्पांचा टॅब शोधला, भीत भीत चालू केला आणि तिच्या हातात दिला. त्यात आप्पांच्या वेळचे जुने पेपर आहेत तेवढेच, नवीन काही घालता येत नाही. पोरगी दोन वर्षांपूर्वीचे तुरीचे भाव वाचत बसली, नंदीश. हसत हसत. पाठ केलेलं नव्हतं ते.

दुसरं सांगायचं नव्हतं, पण आता काय लपवू. गेल्या गुरुवारी क्लासवरून येताना दिवस कलला होता. हायवे ओलांडायच्या जागी ती उभी होती, मी पलीकडच्या बाजूला. तिनं माझ्याकडे बघून हात केला आणि सरळ चालू लागली. बाजूनं येणारा ट्रक तिला दिसलाच नाही. समोरचं तेवढं दिसतं ना. मी ओरडले. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. खाली उतरून मलाच शिव्या दिल्या, "पोरगी आंधळी हाय का काय तुमची?" आरोहीनं ते ऐकलं. घरी येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

तेव्हापासून मला चार घास धड जात नाहीत. ट्रकचा हॉर्न वाजला की हातातलं काम सुटतं. तिला पुढं अजिबात दिसणार नाही असंही डॉक्टर म्हणत नाहीत आणि दिसेल असंही म्हणत नाहीत. जोवर ती फट उघडी आहे तोवर तिनं वाचावं, पोटभर वाचावं, एवढंच माझं मागणं आहे.

तुझीच भाची आहे. बारशाला नाव तूच सुचवलंस.

अक्का


उमरगा
२९ सप्टेंबर २०२४

नंदीश,

शांतलिंग सरांना तू कळवलंस ते त्यांनी मला वाचून दाखवलं. "काम अपूर्ण आहे. अपूर्ण अक्षर मी सोडत नाही." बस्स. भाचीचं नावसुद्धा नाही.

मी घरी येऊन भांडी आपटली. तुझे दाजी म्हणाले, जाऊ दे, कारागीर माणूस आहे. मी म्हटलं, कारागीर असेल, मामा पण आहे.

नंतर राग उतरला आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट आहे. म्हणून बसून हे टाइप करते आहे. पाठवेन की नाही ठाऊक नाही.

अपूर्ण म्हणजे काय रे? तू हातासरशी काम संपवणारा. आप्पांचा पूर्ण संच तू एका पावसाळ्यात काढलास. त्याला तीन वर्षं होत आली. मग कन्नड अक्षरं जोडायची म्हणालास, आप्पांना दोन्ही वाचता यावं म्हणून. आप्पा गेले. तरी अपूर्ण? मला डीटीपीवालीला एवढं कळतं की तुझ्यासारख्याचं काम इतकं रेंगाळत नाही. काहीतरी अडलं आहे.

त्या दिवशी मी डोळे तपासायला सांगितलं आणि तू उठून गेलास. मला वाटलं तू चिडलास. आता मला वाटतं तू घाबरलास. आणि तसं असेल तर तू तपासून घेतलं नसशील, कारण आपल्या घरात भीती वाटली की सगळे पाठ फिरवतात, आप्पांनी नाही का पाच वर्षं चष्म्याचाच नंबर वाढलाय म्हणून काढली.

लिहून टाकते. तुझेही डोळे गेले तर? त्या अक्षरांचं मूळ तुझ्या एकट्याच्या मशिनमध्ये आहे. तुझ्याशिवाय ते कुणी उघडू शकत नाही. तुला दिसेनासं झालं तर ती तिथंच मरतील. आरोहीला वाचायला उरेल आप्पांचा फुगलेला टॅब. अर्धी सोडली तर दुसरा कुणीतरी पुरी करील, तुझ्यासारखी नाही जमली तरी करील. खुलं सोडायचं ते त्यासाठीच ना? आपला हात थांबला तर दुसऱ्याचा चालावा म्हणून.

कुठल्या बहिणीनं भावाला असं लिहावं? पण मी आई पण आहे.

तपासून घे, तम्मा. माझ्यावर राग धरून तरी तपासून घे.

अक्का


उमरगा
८ डिसेंबर २०२४

तम्मा,

आता जमतंय का वाचायला? नवीन टोनर टाकला आहे. तू फोनवर म्हणालास, "अक्का, तुझा प्रिंटर लई फिका हाय. तुला सांगू, टोनर मरूस्तवर वापरतीस तू." तेव्हा आपण दोघं हसलो. तू म्हणालास की पुढचं पत्र आप्पांच्या अक्षरात छाप, म्हणजे मला माझं मला वाचता येईल. ते तसंच छापलं आहे.

सहा महिने मी तुला शिव्या घालत होते आणि माझी पाकिटं तुझ्या टेबलावर तशीच पडून होती. तुला त्यातलं वाचता येत नव्हतं आणि कुणाकडून वाचून घ्यायची लाज वाटत होती. ऑफिसातल्या त्या कृष्णराजला माझा नमस्कार सांग. त्यानं एका दुपारी चारही तुला वाचून दाखवली. शेवटचं वाचताना तो अडखळला म्हणालास. अडखळणारच. मी लिहिलंच तसं होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तू आप्पा जायच्या आधीच तपासून घेतलं होतंस. मी तुला भरल्या पानावर "तपासून घे" म्हणत होते तेव्हा तुझ्या खिशात निकाल होता. आणि तू आप्पांच्या दुःखाच्या घरात आणखी एक दुःख नको म्हणून उठून गेलास. मी मात्र दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरले की माझा भाऊ तापट आहे.

काल शांतलिंग सर दुकानात आले. तू सगळं सोडलंस ते त्यांनी उघडून दाखवलं. मराठी पूर्ण, कन्नड अर्धं, मूळ फायली, परवाना, सगळं. नाव तू राखून ठेवलं आहेस हे बघून मला बरं वाटलं, आप्पांचं नाव, "शिवलिंगप्पा", दुसऱ्या कुणी लावायचं नाही. धारवाडकडच्या कुणा मुलीनं उरलेली कन्नड अक्षरं काढायला घेतलीसुद्धा, वेगळ्या नावानं. तिची दोन-तीन अक्षरं सरांनी दाखवली. तुझ्याइतकी नीट नाहीत. मी सरांना तसं म्हटलं, मग घरी येऊन विचार केला की आरोहीच्या पुस्तकात कन्नड नाहीच, तर मी कुणाला नावं ठेवते?

विज्ञानाचं पुस्तक सरांनी ॲपमध्ये घातलं आहे. आरोहीनं काल ते वाचलं. अडखळत वाचलं, दोनदा चुकलं, मधे थांबून "हे काय?" विचारलं. पाठ असतं तर चुकली नसती. मी तिला एकदाही सुधारलं नाही.

आता मुख्य गोष्ट. महिनाअखेरीच्या अवसेला येळवस आहे. शेतात कडब्याची कोपी करतोय, भज्जी-आंबील आहे, सगळं दिवसाउजेडी असतं. तू ये. सकाळची गाडी धर म्हणजे ऊन असताना पोचशील. तुझे दाजी स्टँडवर उभे राहतील. मीही येईन म्हणत होते, पण मला स्टँडवर रडायचं नाही.

तुला अजून किती दिसतं ते तू फोनवर सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. दोघंही भित्रे आहोत आपण.

आरोहीला मी तुझ्याबद्दल सांगितलं. सांगू नये असं तुझे दाजी म्हणत होते, पण लपवालपवीनं काय झालं ते आपण बघितलं. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, "मामाला माझ्या आदी झालंय ना? मग पुढं कसं कसं व्हतं ते मामा मला सांगंल. डॉक्टर तुमच्याशीच बोलत्यात, आन तुमी कुणी मला सांगत न्हाय."

आल्या आल्या ती तुला तेच विचारणार आहे. तुझं उत्तर ऐकायची मला भयंकर भीती वाटते. तरी ये, आणि तिला खरं सांग.

तुझी अक्का